स्तुरेनं श्वास का ओढला?

मंगळवार, ४ मार्च

ऐन वेळी वीज गेली! सकाळचे आठ, तिन्ही देशांची माणसं पडद्यावर जमलेली. वर्षभर ज्या प्रश्नाभोवती आम्ही घुटमळत होतो तो मी शेवटी विचारला — टॅलो क्रीक गावचा समुद्रबांध मागे घ्यावा, जुन्या शेतांत समुद्र परत येऊ द्यावा, हे तुम्हाला मान्य आहे का? — आणि फट्. बर्फाचं वादळ. अर्ध्या हॅलिफॅक्सची वीज गेली आणि उत्तर तिकडेच राहिलं.

मी समन्वयक. म्हणजे मत द्यायचं नाही, दुसऱ्यांची मतं जमवायची. एफी मावशीचं घर त्याच बांधामागे आहे, हेही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलंय. बाल्टिमोरचा ग्रेडी, सेंडाईचे कुरोसे-सान, उत्तर स्वीडनमधल्या उमियोचा स्तुरे — तिघांचे तीन संशोधक गट, आणि आमच्या सरकारला हवा एकमुखी सल्ला, महिनाअखेरच्या आत. नाही दिला तर जुनाच बांध काँक्रीटनं उंच करणार. मग लाटांचा जोर मोडणारं बांधाबाहेरचं खाजण कायमचं गेलं. आणि फंडीच्या आखाताची एखादी मोठी भरती त्या बांधावरून आली, तर गावही.

दुपारी ग्रेडीचा फोन. "मी हो म्हटलं. कुरोसे-सान हो म्हणाले. स्तुरेला विचारलं तर त्यानं — ऐक हं —" आणि असा काही श्वास ओढला, जणू स्वयंपाकघरात अस्वल शिरलंय! "एवढंच. पुढे चकार शब्द नाही. त्याला धक्का बसलाय, मोराग."

कशाचा धक्का? आकडे त्याच्याच गटानं काढलेत!

गुरुवार, ६ मार्च

आज कुरोसे-सानना गाठलं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "त्यांना अडचण दिसते. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. असं करतात." आणि दातांमधून हवा आत ओढली. स्सस्स. "हे ऐकलं की शहाण्या माणसानं विषय बदलायचा असतो. मी बदलला. हवामानाबद्दल बोललो."

एकाला धक्का ऐकू आला, दुसऱ्याला सभ्य नकार. मला काहीच ऐकू आलं नाही, आणि आता दुसरं काही सुचत नाही! एका श्वासात माणूस काय काय कोंबू शकतो?

स्तुरेला सरळ विचारणार होते. ग्रेडी म्हणाला, "वेडी आहेस का? सगळ्यांदेखत त्याला कोंडीत पकडलं आपण. जरा जपून." म्हणून जपून लिहिलं — तुमच्या गटाला आणखी विचार करायचा असल्यास आम्ही समजू शकतो, घाई नाही, वगैरे. माझी मलाच ती मेल वाचून झोप आली.

शनिवार, ८ मार्च

स्तुरेचं उत्तर. एक ओळ! "वेळ तुम्हाला हवा असेल तर मी थांबतो."

ग्रेडी म्हणतो रागावलाय. कुरोसे-सान म्हणतात फारच रागावलेत.

रविवार, ९ मार्च

रात्रीतून घड्याळं एक तास पुढे गेली. झोप मोडून टॅलो क्रीकला.

"काय गं, कधी बुडवताय आम्हाला?" मावशीनं दारातच विचारलं. मग काकवीचा पाव आणि माशांचं सूप. पोटभर वाढल्याशिवाय ती टोमणे मारत नाही, आणि टोमण्यांशिवाय वाढत नाही.

तिचं घर मुळात खाडीच्या पलीकडचं. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे लॉकी काकांच्या वडिलांनी, एका हिवाळ्यात ते ओंडक्यांवर चढवलं आणि बैल जुंपून बर्फावरून या काठाला ओढत आणलं. आत चूल पेटलेली होती म्हणे. आमच्याकडे घर हलवणं ही काही अपूर्वाई नाही, टेकडीवर ते पुन्हा जाईलही. पण खिडकीसमोर सफरचंदाची झाडं आहेत. ती काकांनी लावली. काका गेले, त्या वर्षी सगळ्यात जास्त फळं आली.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"विचारायला येतील ना तुमचे साहेबलोक? तेव्हा सांगीन. तू जेव."

गुरुवार, १३ मार्च

बैठक. स्तुरे आलाच नाही. "बहिष्कार!" ग्रेडी म्हणाला. पाऊण तास वाट पाहून सगळे उठले.

नंतर माझं टेबल आवरत होते तर पडद्यावर स्तुरेचा एक शब्द: "कोणीच नाही?"

घड्याळं! आमची पुढे गेली, त्यांची महिनाअखेरीला जातील. कुरोसे-सानांकडची तर कधीच हलत नाहीत, पण ते नेहमी तासभर आधीच येऊन बसतात. आणि मी वेळ कळवली ती फक्त हॅलिफॅक्सची. समन्वयक म्हणे! माफी मागितली. तो म्हणाला ठीक आहे. पण ग्रेडीच्या डोक्यातून बहिष्कार जायला तयार नाही.

मंगळवार, १८ मार्च

ग्रेडीनं आज नवा मसुदा पाठवला. त्यात सल्ला नाहीच, नुसतं "मतभेद आहेत." हे सरकारच्या हाती पडलं की दुसऱ्या दिवशी काँक्रीटच्या गाड्या येतील.

मी आपली अजून त्या श्वासापाशीच. बुडण्याची भीती? स्तुरेच्या गावी तर जमीन दरवर्षी थोडी थोडी समुद्रातून वर येते. त्याच्या आजोबांचा होडी बांधायचा खुंटा आता कुरणात उभा आहे, त्यानंच सांगितलं होतं. मग ईल मासे? मेंढ्यांची कुरणं? आपला हिशेब चुकल्याचं त्याला त्या क्षणी कळलं की काय? त्याचा सगळा अहवाल पुन्हा वाचला. पानापानावर बांध मागे घ्या, बांध मागे घ्या! घोडं नेमकं अडलंय कुठे?

रविवार, २३ मार्च

गाडीतच बसून लिहितेय, अक्षर वाईट येणार.

मावशीकडे होते. ती पाठमोरी, भांडी घासत होती. मी सहज विचारलं, "मावशी, उत्तरेचा वारा सुटलाय ना?"

तिनं श्वास आत ओढला. छोटासा, हप् असा.

मी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"कुठे काय?"

"आत्ता. वाऱ्याचं विचारलं तेव्हा."

"हो म्हटलं. बहिरी झालीस का?"

"म्हटलं नाहीस! श्वास घेतलास."

ती वळली. हातातून साबणाचं पाणी गळत होतं. "अगं, हो असंच म्हणतात. आत ओढून. तुझी आई फोनवर तासभर दुसरं काही बोलायची नाही. तूही म्हणतेस."

"मी?"

"लहानपणापासून."

मी हसत सुटले. तीही हसायला लागली, कशाला ते न कळता. स्तुरे हो म्हणाला होता! इतके दिवस आम्ही एका 'हो'ची मनधरणी करत होतो!

मग हसता हसता खिडकीकडे लक्ष गेलं. बोडकी झाडं, त्यामागे बांध. तिसरा हो मिळाला होता. म्हणजे तिथे पाणी येणार.

मावशीला काही सांगितलं नाही. वारा फार आहे म्हणून लवकर निघाले.

सोमवार, २४ मार्च

आठवडाभर गप्प बसले तर? कोणाला कळणार आहे? त्यांना तो नकारच ऐकू आलाय. मुदत टळेल, बांध उंच होईल, मावशी तिच्या खिडकीत बसेल आणि झाडं उभी राहतील.

आणि एखाद्या भरतीला तीच खिडकी फुटून पाणी आत येईल, हेही मलाच माहीत आहे.

फोन केला नाही. स्वतःची लाज वाटतेय.

मंगळवार, २५ मार्च

स्तुरेला फोन केला.

"चार तारखेला तू काय म्हणालास?"

"हो म्हटलं."

"श्वास ओढून?"

"मग कसा? आमच्याकडे तसंच म्हणतात." मग म्हणाला, "तूही तसंच म्हणतेस की, मोराग. पहिल्याच बैठकीत ऐकलं. वाटलं, चला, इथे आपली भाषा कळणारं कोणीतरी आहे. पण मला सांग — तुम्ही सगळे इतके दिवस कसला विचार करत होतात? मला वाटलं ग्रेडीला काहीतरी खटकलंय!"

ग्रेडीला सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी त्याला धीर धर म्हणून फुलं पाठवणार होतो."

कुरोसे-सान मात्र गंभीर झाले. "सेंडाईला पूर्वी एक स्वीडिश पाहुणे आले होते. आम्ही विचारलं, आणखी भात वाढू का? त्यांनी असाच श्वास ओढला." मग अगदी हळू: "आम्ही वाढला नाही. चार दिवस होते ते."

सोमवार, ३१ मार्च

सल्ला गेला. एकमुखी.

शेवटचं कलम स्तुरेनं घालायला लावलं: बांधामागच्या प्रत्येक घराची संमती हवी. घरं टेकडीवर नेऊन द्यायची, खर्च सरकारचा. पण एकानंही नकार दिला तर बांध हलवायचा नाही. ग्रेडी कुरकुरला, "एका हट्टी म्हातारीपायी सगळं वाहून जाईल." मग माझी मावशी आठवली असावी, कारण तो लगेच हवामानाबद्दल बोलायला लागला. कुरोसे-सानांकडून शिकलाय!

रविवार, ११ मे

झाडांना कळ्या आल्यात. मावशीनं त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. परवापर्यंत एकेक करत शेजाऱ्यांनी होकार दिले, उरली ती एकटीच. सगळा गाव तिच्याशी फार गोड वागतोय. "माझं मयत झाल्यासारखं करतात मेले," म्हणाली.

गुरुवार, १५ मे

गावच्या सभागृहात सभा. संमती घ्यायला आलेली बाई तरुण, टोरांटोहून नुकतीच बदलून आलेली, मनानं चांगली. तिनं विचारलं, "मिसेस मॅकइनिस, तुमची संमती आहे?"

मावशीनं खिडकीबाहेर पाहिलं. तिथून झाडं दिसत नाहीत, तरी पाहिलं. आणि श्वास आत ओढला.

बाई थांबली. मग फार मायेनं म्हणाली, "त्यांना धक्का बसलाय. आज नको, आपण नकार समजूनच पुढे जाऊ." पेन उचललं.

सभागृहातल्या एकूण एक माणसाला कळलं होतं. सगळ्यांच्या आया-आज्या तसंच बोलतात. पण कोणी तोंड उघडेना. मावशी माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. पुन्हा म्हणायची ताकद तिच्यात नव्हती.

मी उभी राहिले.

"ती हो म्हणाली," मी म्हटलं.