तिरक्या अक्षरांचं गिऱ्हाईक

प्रिय वैष्णवी,

फोनवर बोलायला लागलं की तू रडतेस आणि मग मला राग येतो, म्हणून लिहितेय. तुझी कंपनी म्हणते, मराठीत तिरकी अक्षरं कुणाला लागत नाहीत. तू केलेल्या 'घोडनदी'चा उभा फॉन्ट तेवढा ठेवू, तिरका काढून टाकू. आणि तूही मान डोलावून आलीस. अगं, एवढं खपून केलेलं काम असं कुणी सोडतं का? त्यांना बंगळुरात बसून काय कळणार. शिरूरला माझ्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन बघा म्हणावं.

पाटसच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागं तुझी तिरकी अक्षरं आहेत. दौंडचा एक गाडामालक शर्यतीचा फ्लेक्स दुसऱ्या कुठल्या अक्षरात करूच देत नाही. बैल त्यामुळंच पळतात असं त्याला वाटतं. सणसवाडीत खोल्या भाड्यानं देणाऱ्या मालनबाई बोर्ड करायला आल्या, तर त्यांचा भाडेकरूच म्हणाला, "वो तिरछावाला लगाओ, दूर से दिखता है." लग्नपत्रिकेत मी सगळा मजकूर उभा ठेवते आणि खालची 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ तेवढी तिरकी. लगेच पोरांचा आवाज येतो बघ. ना जाड-बारीक रेघा, ना नक्षी. शिरोरेषा सरळ आणि दांडे वाऱ्यावरच्या ज्वारीसारखे जरासे कललेले. पहिल्या खेपेला तुझा 'क' पार तोंडावर पडत होता, आठवतं? आपण किती हसलो होतो.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला मात्र मी ती अक्षरं कधी लावत नाही. तिथं उभीच, गुमान. आमच्या दुकानाची रीतच आहे ती.

आता आपल्या आबांचं. तू हे शिकायला निघालीस तेव्हा ते म्हणाले होते, "अक्षरं काय शिकायची? ती पयलीतच शिकली की." तू त्यावरून अजून खट्टू आहेस, मला माहीत आहे. परवा ते दुकानात आले, टोपी गुडघ्यावर ठेवून स्टुलावर बसले आणि स्वतःच्याच श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला सांगितला. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे, सकाळीच गवारीला पाणी देऊन आले होते. मी रागावले, तर म्हणाले, "आगं, येळ आल्यावर तुम्ही रडत बसणार, आन् कोणतरी उभी अक्षरं लावून टाकंल. मला वैष्णीचीच पायजेत. म्हंजी म्हातारा कुठंतरी निघालाय असं दिसंल." मी नमुना काढून दिला. स्वतःच्या 'पोपटराव' या नावावरून ते कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले.

तेव्हा मान डोलावणं पुरे, भांड त्यांच्याशी. सांग, शिरूरला एक गिऱ्हाईक पक्कं आहे, आणि त्याला अजिबात घाई नाही.

तुझीच भांडखोर ताई,
सारिका