कार्बनच्या चाकावरची रेघ

बाबा,

तुम्ही गेल्यानंतर मी एकदा तुमचं नाव वापरलं, आणि ते खोटं वापरलं. ते सांगायला बसले आहे. पण आधी चाकाबद्दल सांगावं लागेल, कारण तसं चाक तुमच्या हाताखालून कधी गेलं नाही. बल्लारपूरला पेपर मिलच्या गेटसमोर तुम्ही तीस वर्षं सायकलींच्या लोखंडाच्या रिंगा सरळ केल्या. पुढे पुढे कधीतरी एखादी अॅल्युमिनियमची रिंग यायची, तेव्हा तुम्ही ती पाहुण्यासारखी दोन्ही हातांत धरायचा. हे चाक कार्बनचं होतं. काळ्या धाग्यांचं कापड चिकट द्रवात भिजवून साच्यात दाबतात आणि भट्टीत घट्ट करतात, तशी त्याची रिंग. पुढचं चाक मी एका बोटावर लटकवून उभी राहिले होते, इतकं हलकं. पूर्वी असल्या चाकांना टायर गोंदानं चिकटवावा लागे, वाटेत पंक्चर झालं की शर्यत संपली. हे नव्या तऱ्हेचं होतं, त्याला क्लिंचर म्हणतात. म्हणजे आपल्या साध्या सायकलीसारखाच टायर रिंगच्या काठात अडकतो आणि आत ट्यूब असते. ते वाचून मला तुमची आठवण आली होती. सगळं नवं असूनही पंक्चर मात्र तुम्ही काढलं असतं.

मी तेव्हा नुकतीच खेळाची शिक्षिका झाले होते आणि जिल्ह्याच्या संघातल्या मुलींच्या सायकली माझ्या ताब्यात होत्या. त्यांतली एक मुलगी एटापल्लीच्या पलीकडची, आश्रमशाळेत शिकलेली, घरात गोंडी बोलणारी. बारीक अंगाची, पण पेडल मारायला लागली की मोटरसायकलवर मागे बसलेल्या मला थांब म्हणावं लागायचं. राज्याच्या शर्यतीत पहिल्या तिघींत आली तर खेळाडूंच्या राखीव जागेवरून पोलिसात भरती होण्याची तिला संधी होती. नागपूरच्या एका डॉक्टरांनी, जे स्वतः सायकल चालवायचे, चाकांचे दोन जोड पाठवले. एक अॅल्युमिनियमचा, एक कार्बन क्लिंचरचा. तिच्यासाठी कोणता ठेवायचा ते तुम्ही ठरवा, दुसरा आठ दिवसांत परत करा, असा त्यांचा निरोप होता. शर्यतीच्या रस्त्यात लांब घाट होता आणि त्यानंतर शेवटपर्यंत सपाट. सपाटीवर कार्बनचं चाक वारा कापतं. पण घाटात सारखा ब्रेक दाबला तर त्याचा काठ तापतो, तापून मऊ पडला तर ट्यूब फुटू शकते. हे मी सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत शब्दकोश घेऊन वाचलं होतं. आणि आपल्याकडच्या पोरीनं घाट कधी पाहिला होता? आपल्याकडे उतार म्हणजे नाल्यावरच्या पुलाचा.

चार दिवस मी त्या पुस्तिकेची पारायणं केली. घरात वाचता येणारी मी पहिली. ट्यूबच्या खोक्यावर काय लिहिलंय ते तुम्ही मला वाचायला लावायचा आणि गिऱ्हाइकाकडे असं पाहायचा की जणू ते मीच छापलंय. तेव्हापासून मला वाटत आलं आहे की छापलेल्यातलं एक अक्षर जरी माझ्याकडून सुटलं, तर कुणाचं तरी काहीतरी होईल. पाचव्या दिवशी मी तुमची रीत केली. कापसाचा बोळा घेतला आणि रिंगच्या काठावरून अगदी हळू फिरवला. जिथे तडा असेल तिथे तंतू अडकतात. मागच्या चाकाला, आतल्या बाजूनं, एका ठिकाणी तंतू अडकले. बॅटरी लावून पाहिलं तर केसाएवढी रेघ. नखानं वाजवून पाहिलं. लोखंडाचा निरोगी आवाज मला झोपेतही कळेल, पण कार्बनचा निरोगी आवाज कसा असतो? दुसरं चाक वाजवलं, तेही तसंच ठक्क बोललं.

मुलगी समोर पायरीवर बसली होती. म्हणाली, "काय झालं बाई? डाक्टरनीसारख्या कान लावून राह्यल्या."

"तडा आहे," मी म्हणाले.

ती उठून आली, वाकून बघितलं. "मले त काईच दिसत नाई."

"तुला दिसणार नाही."

"पण बाई, मी हळू उतरीन ना. सपाटीवर मले हेच पाह्यजेत. हे लावलं की सायकल मांगं ओढत नाई, पुढं पळते."

आणि मी म्हणाले, "माझे बाबा मिलच्या गेटसमोर चाकं बांधायचे. त्यांनी हे चाक दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं." तिनं मान खाली घातली. मेलेल्या बापापुढे कोण बोलणार? तड्याची चिठ्ठी लावून मी कार्बनचा जोड डॉक्टरांना परत पाठवला.

अॅल्युमिनियमच्या चाकांवर ती चौथी आली. तिसरीच्या आणि तिच्यामध्ये एका सायकलीचं अंतर होतं. घाट ती सुखरूप उतरली, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. परतीच्या गाडीत तीच माझी समजूत काढत होती. "तुमच्यामुळे घाटात पडली नाई मी, बाई. ते काळे चाकं असते तरी चौथीच आली असती. माह्यात तेवढाच दम हाय." मी तिला पेरू कापून दिला. त्या हंगामानंतर तिनं शर्यती सोडल्या. आता एटापल्लीला झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे.

मागच्या महिन्यात चंद्रपूरला एका बक्षीस समारंभात ते डॉक्टर भेटले. चांगला माणूस. चहाचा कप हातात घेऊन हसत म्हणाले, "तुमच्या तड्यावर मी दोन वर्षं फिरतोय, मॅडम." ती साच्याची रेघ होती, दोन भाग जुळतात तिथली. त्यांनी चाक बनवणाऱ्यांकडून तपासून घेतलं होतं. मलाही हसावं लागलं. घरी आले आणि कितीतरी वेळ चपला न काढता खाटेवर बसून राहिले.

तिथे बसल्यावर मला तो बांबू तोडणारा माणूस आठवला. मी अकरा वर्षांची असेन. तुम्ही चाकाच्या तारा आणायला बाजारात गेला आहात, दुकानात मी एकटी. तो गडचिरोलीकडच्या गावचा, मिलमध्ये कुणाला तरी भेटून परत निघालेला, मागचं चाक डुगडुगतं म्हणून थांबलेला. मी चाक फिरवते. सांध्यापाशी गंजासारखी एक काळी रेषा आहे. मला भीती वाटते. मी मोठ्या माणसासारखं तोंड करून सांगते, "रिंग गेली. याच्यावर बसू नका." तो सायकल हातात धरून चालायला लागतो. तुम्ही परत येता, मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगते, आणि तुम्ही हातातल्या तारा फळीवरसुद्धा ठेवत नाही. मला कॅरियरवर बसवता आणि कोठारीच्या रस्त्याला लागता. समोरून बांबूचे ट्रक येतात, दर वेळी तुम्ही डांबरावरून कच्च्यात उतरता आणि पुन्हा वर चढता. तो माणूस आपल्याला एका मोहाच्या झाडाखाली सापडतो, पाय लांब करून बसलेला.

तुम्ही त्याच्या रिंगवरून कापूस फिरवता. तंतू अडकतात. पुन्हा फिरवता, पुन्हा अडकतात. मला वाटतं, चला, माझंच खरं. मग तुम्ही त्याला म्हणता, "हे पाह्य भाऊ. इथी अडकून राह्यलं. गंज हाय का तडा हाय, मलेबी सांगता येत नाई. मी असतो त उतारावर पायी गेलो असतो, बाकी हळूहळू चालवलं असतं. आता तू पाह्य, चाक तुहं हाय."

तो थोडा वेळ बघतो. "जातो मंग," म्हणतो, आणि सायकलवर बसून जातो.

परत येताना तुम्ही विचारलंत, "तुले माहीत होतं का, तडा हाय म्हणून?"

"नाई."

"मंग काऊन सांगतलं?"

"ते पडले असते तर?"

तुम्ही रागावून बोललात असं मला आठवत नाही. दमून बोलल्यासारखं बोललात. "पडला असता त तुह्यावर आलं असतं, म्हणून त्याले पायी धाडलं. भेव तुह्यं आन् पाय त्याचे. शंका हाय त शंका हाय म्हणाव, बाई. त्याच्यात काई लाज नाई."

त्या दिवशी मी रडले होते, कारण मला वाटलं तुम्हाला माझी काळजी कळली नाही. मग मोठी झाले, शिकले, आणि त्या दिवसातलं फक्त कापूस फिरवणं जवळ ठेवलं. बाकीचं कुठे गेलं? मुलीला मी सांगू शकले असते की इथे एक रेघ आहे, मला ती कळत नाही, आणि मला घाटाची भीती वाटते. ती एकोणीस वर्षांची होती, तिचं तिनं ठरवलं असतं. कदाचित माझंच ऐकलं असतं. कदाचित डॉक्टरांना फोन करा म्हणाली असती, आणि एका फोनवर उलगडा झाला असता. ते मला सुचलंच नाही, की सुचलं आणि नको वाटलं, हे मी इतक्या वेळा तपासून पाहिलं आहे की आता त्या आठवणीवरही माझा भरवसा राहिलेला नाही. एवढं मात्र नक्की, "तडा आहे" म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. आणि तिनं मान खाली घातली होती.

त्यातून मी तुम्हाला मध्ये घातलं. तुम्ही ते चाक नक्कीच दुकानाबाहेर जाऊ दिलं असतं. तिच्यासमोर बोट ठेवून शंका दाखवली असती आणि मग बाजूला झाला असता. ती आजही तुम्हाला एक फार कडक कारागीर समजते, ज्याच्या रीतीमुळे तिचा जीव वाचला. बाईंच्या बाबांचं बोलणं म्हणून ती ते दुसऱ्यांनाही सांगते. मी ऐकलं आहे आणि गप्प राहिले आहे. ती आता एकवीसची आहे. भरतीचं वय अजून गेलेलं नाही. माझ्यात तेवढाच दम आहे, असं ती धरून बसली आहे, आणि ते खरं आहे की नाही हे माझ्या एका शब्दामुळे तिला कधी कळलंच नाही.

तुम्ही माफ कराल, ते मला माहीत आहे. म्हणूनच तुम्हाला लिहिणं जमलं. सकाळी वही उघडली होती ती तिला लिहायला. तिचा पत्ता पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे, पिनकोडसकट. ते पान उलटून मी दुसऱ्या पानावर हे लिहिलं.