ताईच्या पाटीवरचं वाक्य

४ नोव्हेंबर
आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला, सभागृहात ताईच्या स्मरणार्थ लागणाऱ्या पाटीचा. भेडाघाटचा संगमरवर, सुरेख. वर तिचं नाव. खाली मराठीत ‘चपला घालून सभागृहात येऊ नये’, त्याखाली इंग्रजी, ‘यू शुड नॉट विथ फुटवेअर एंटर द हॉल.’

देवा! शुड नॉट झालं की आधी क्रियापद, बाकीचं लटांबर नंतर, हे जिनं जन्मभर पोरांच्या डोक्यात ठोकलं, तिच्याच नावाखाली हे? माझी सख्खी बहीण. तिच्याकडूनच शिकले, आता तेच शिकवून राहिले. आणि ग्रुपवर अंगठे, जोडलेले हात, ‘बहुत सुंदर’. डोकं फिरलं.

५ नोव्हें.
सचिवांना फोन. म्हणे, “मॅडम, समजून तर राहिलं ना सगळ्यांना!” समजतं! कुत्रं भुंकलं तरी समजतं. मग नियम सांगितला, देणाऱ्याचा मजकूर मंडळ बदलत नाही, काना-मात्राही नाही. आणि देणारे कोण, तर भाऊजी, ताईचे यजमान. वाक्यही त्यांनीच स्वतः लिहून दिलेलं.

अच्छा! घरात इंग्रजीच्या दोन मास्तरणी. एक गेली. दुसरी चांगली जिवंत आहे, पण तिला विचारायचं नाही.

६ नोव्हें.
नववी ब. एक पोरगी उठली, “वी मस्ट नॉट इन द क्लास टॉक.” तिचा काय दोष, घरी बोलतो तसंच जोडून राहिली. पण मी अशी ओरडले की शेजारच्या वर्गातून मॅडम डोकावल्या.

घरी ह्यांचं, “काहून एवढी तापून राहिली? पाटीच तर आहे.” रात्री ह्यांना नुसती खिचडी. तूपही नाही.

८ नोव्हें.
खमरियाला भाऊजींकडे. मी दारातच सुरू झाले. त्यांनी चहा ठेवता ठेवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “चुकलं असेल. फॅक्टरीत असताना माझा एकही इंग्रजी अर्ज तिनं लाल केल्याशिवाय गेला नाही. आता लाल करायला कोण आहे?”

“मी आहे ना! मला विचारायचं!”

“तुला विचारलं असतं तर वाक्य तुझं झालं असतं. मला तिच्यासाठी माझं एक द्यायचं होतं.”

राग मात्र गेला नाही. माझ्या बहिणीचं दगडावर हसू करून ठेवायचं आणि वर मलाच गप्प करायचं! येताना ऑटोत रडले. भैयानं आरसा तेवढा दुसरीकडे फिरवला.

१० नोव्हें.
भाऊजींचा फोन. “कारागीर उद्या पॉलिश करणार. त्याआधी ती ओळ घासून नवी खोदता येईल म्हणतो. त्याला तुझा नंबर दिलाय. तू ठरव. तू म्हणशील ते मला चालेल.”

म्हणजे धोंडा माझ्याच गळ्यात. वा रे वा!

११ नोव्हें.
शाळेतून आले आणि भेडाघाटहून कारागिराचा फोन. “दीदी, क्या करना है? घिस दूँ?”

बरोबर वाक्य ओठांवर होतं. ‘एंटर द हॉल’ आधी, ‘विथ फुटवेअर’ मागून. ताईच्याच आवाजात पाठ आहे. सांगायला किती वेळ लागतो?

“भैया, पाँच मिनट,” म्हटलं.

आज ती असती तर त्या पाटीसमोरच भाऊजींना झापलं असतं, आणि ते खाली मान घालून हसत राहिले असते. तिच्यासाठी लिहिलेलं आणि तिनं न तपासलेलं त्यांचं हे एकच वाक्य. तेही चुकलेलं! संताप होतो नुसता. आणि ते घासून टाकायला माझाच हात हवा का?

दगडावर लाल पेन चालत नाही गं ताई.

फोन परत वाजून राहिला आहे.