मागे वळायचं नाही

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची नातीच्या नव्या घरी. तिसरा मजला, लिफ्ट चालू, नळाला गरम पाणी. आता कुरकुर करायला कारण शोधावं लागणार. खिडकीजवळची खुर्ची माझी. समोर रस्ता, मागे पलंग. मी सांगते, नात पलंगावर बसून लिहिते. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, तेव्हा ती माझ्या नावावर काय खपवते ते तिलाच ठाऊक.

एक खोड मात्र बरोबर आली आहे. आमचे हे गेल्यापासून वाटतं, पाठीशी कोणीतरी उभं आहे. मग वळते, बघते, पुन्हा वळते. मान कोंबडीसारखी झाली आहे. नातीला सतरा तारखेला नोकरीवर रुजू व्हायचंय. मला अशी एकटी टाकून जाणार नाही, त्यापेक्षा नोकरी नको, म्हणते. म्हणून हा उपचार.

गुरुवार, ६ तारीख
समुपदेशक बाई नातीच्याच वयाच्या. मी त्यांचं नाव भीतीची मास्तरीण ठेवलं. हसल्या, म्हणजे बाई बऱ्या आहेत. ना गोळी दिली, ना उपदेश. म्हणाल्या, ही पद्धत हजारो माणसांवर पडताळून पाहिलेली आहे. वळून पाहिलं की घडीभर बरं वाटतं, पण मन शिकतं की वळले म्हणूनच वाचले. म्हणून पाठ करून बसायचं आणि वळायचं नाही. भीती दहापैकी किती ते सांगायचं आणि थांबायचं. चढते, तशी आपोआप उतरते. वळला नाहीत तर काय होईल असं वाटतं, विचारलं. मी म्हटलं, मानेला हात लागेल. न हसता लिहून घेतलं त्यांनी.

रोज वहीत टिपायचं. आधी नात खोलीत असताना, मग नसताना.

रविवार, ९ तारीख
बसले. मागे नातीचं पेन कुरकुरतंय. मधूनमधून विचारते, आजी, आकडा सांग. आठ. मान आपली आपण फिरायला लागली, तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरले. सात. खाली एक गृहस्थ छत्रीशी झटापट करत होते. छत्री जिंकली, आणि माझा आकडा चारवर आला. हातबित काही लागला नाही. मास्तरीण खरी ठरली.

बुधवार, १२ तारीख
आज तीनच. नात मागे मुकाट्याने लिहितेय, आकडासुद्धा विचारत नाही. सकाळी तिच्या चहाला कोमट पाणी म्हटलं, त्याचा राग असणार. पेन मात्र जोरात चाललंय. अगं, पुढच्या दाराला किल्ली कोण लावतंय, बघ जरा—

सोमवार, १७ तारीख
किल्ली नातीनेच लावली होती. दुकानातून आली. जाताना सांगून गेली होती म्हणे, मला ऐकू आलं नसेल. वळले तर पलंग रिकामा. आणि वहीत माझं बोलणं जसंच्या तसं. वाचून म्हणाली, लबाड म्हातारे, लिहायला कधी शिकलीस? अक्षर तर माझ्यापेक्षा सुबक.

मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ती आज घरी बसली असती. मग आता वही तुझी, मी डोकावणार नाही, म्हणाली.

सकाळी गेली. दार ओढल्याचा आवाज कान देऊन ऐकला. वही पलंगावर ठेवली, खुर्चीत बसले, तोंड उघडलं—

कुरकुरतंय.

नऊ. वळायचं नाही. चढते, मग उतरते— बाईंनीच सांगितलंय— हजारो माणसांवर—

नऊ.

पलंग करकरला. कुरकुर आता जवळून— खुर्चीच्या पाठीला टेकून—

दहा. बाई, उतरत नाहीये—

मी थांबले की पेनही थांबतं. आता थांबते. बघू—

आजी गप्प बसली आहे. मान थरथरतेय. वळायचं नाही, आजी. आकडा सांग. हा बघ, हात लागला. आता आकडा सांग. आक—