घरातला हेडी, खेळातला हेडी

१२ जानेवारी, सोमवार

बोलला एकदाचा! हा फोन. सृष्टीनं, माझ्या नातीनं, परभणीहून आणून दिला. मी बोलायचं, त्यानं लिहायचं, आणि सांगितलं की वाचून दाखवायचं. मला अक्षर म्हणून एक ठाऊक नाही, पण आजपासून माझी रोजनिशी! शिकलेला आहे मेला. माझं ‘न्हाई’ खोडून ‘नाही’ लिहितो. लिहू दे. पण कुणाचं बोलणं जसंच्या तसं लिही म्हणून दम दिला, की मुकाट्यानं तसंच लिहितो.

घरात बोलायला कोणी नाही म्हणून आणलाय. आषाढात आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय परत आले, हात निम्मा आला, जीभ आली नाही. परभणीची बोलायला शिकवणारी बाई म्हणते, “येईल, पण त्यांनी स्वतः धडपड केली तर. आणि लवकर. नाहीतर आहे तसंच राहील.” धडपड कसली! चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात हेडी म्हणून, बैलांचे सौदे करत मिरवलेला माणूस. ह्यांच्या जिभेवर बैल विकायचे. त्यांना ती म्हणते, “आजोबा, म्हणा, कमळ.” तेव्हापासून तोंड भिंतीकडं.

१३ जानेवारी, मंगळवार

भिंतच देखणी वाटते म्हणायची, माझ्यापरीस.

१७ जानेवारी, शनिवार

सृष्टी आली. कॉलेजात हिनं आणि मैत्रिणींनी फोनवरचा एक खेळ केलाय. आपण वाटसरू, राजाच्या गावाला निघालेला. बटणं दाबून बोलायचं नाही — आपल्या तोंडानं बोलायचं, आणि खेळातली माणसं ऐकून उत्तर देतात! अडचण एवढीच की त्यांना पुस्तकातली भाषा कळते, आपली नाही. “आजी, तू बोल. तुझं ऐकून ऐकून शिकतील ती.” म्हणजे शाळेची पायरी न चढता मी मास्तरीण!

वेशीवरचा पहारेकरी म्हणतो, “कोण तुम्ही? कशासाठी आलात?” म्हटलं, “तुज्या आज्जीच्या वयाची हाय मी. आधी पानी इचार की रे!” तो म्हणे, “समजलं नाही, पुन्हा सांगा.” चार वेळा सांगितलं. सृष्टी हसून हसून लोळली.

१८ जानेवारी, रविवार

नातीनं सकाळभर खुटखुट केली. दुपारी तोच पहारेकरी — “बसा आज्जी, पाणी घ्या!” जिंकले!

१९ जानेवारी, सोमवार

सृष्टी गेली, खेळ ठेवून गेली. वेशीच्या आत बाजार. नदी ओलांडायची तर बैल घ्यावा लागतो. आणि समोर कोण? हेडीच! मिशा एवढ्या मोठ्या, आणि शिंगं रंगवून उभा केलेला म्हातारा बैल. आता बैल घेताना आधी जबडा उघडून दात बघतात, दातावर वय कळतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मोठ्यानं म्हटलं, “लय देखना हाय बाई! दातबीत काय बघायचे? सोडा दावं!”

खाट करकरली. मागं बघितलं तर ह्यांचं तोंड माझ्याकडं. सहा महिन्यांत पहिल्यांदा!

असं होय? सापडली की हो नस.

२० जानेवारी, मंगळवार

बैल नदीत बसला. वाटसरू बुडाला. पुन्हा पहिल्यापासून. मी मुद्दाम हळहळले, “अस्सा कसा बसला गं बाई, एवढी चांगली शिंगं असून!” ह्यांनी डाव्या हातानं कपाळ बडवलं. बाईमाणसाला जनावरातलं काय कळतंय, हेच आलं असणार मनात. येऊ दे. मला काय, मी रोज बुडायला तयार आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

आज लंगडा बैल पसंत केला. “चाल कशी झोकात हाय!” ह्यांच्या घशातून आवाज आला. म्हटलं, “काय म्हनलाव?” लगेच भिंत.

हट्टी. पण भिंतीकडं तोंड करून कान इकडं लावलेला माणूस मला कळत नाही होय?

२५ जानेवारी, रविवार

आज सांगते.

तोच रंगवलेला म्हातारा बैल. खेळातला हेडी म्हणाला, “बोला आज्जी, पसंत का?” मी म्हटलं, “पसंत! अगदी तरना गोऱ्हा दिसायलाय!” आणि मागून —

“दा… त!”

अशी ओरड, की दारातली कोंबडी उडाली. हे खाटेवर उठून बसलेले, तोंड लालबुंद. “दात! दात… बघ!”

सहा महिन्यांनी तोंड उघडलं. ना देवाचं नाव, ना माझं. दात!

मी रडायच्या बेतात. पण माझ्याआधी फोन बोलला. त्या वाकड्यातिकड्या जिभेतला शब्द त्यानं बरोबर उचलला, आणि हेडी म्हणाला, “दाखवतो की मालक.” उघडला बैलाचा जबडा! ह्यांनी वाकून बघितलं. आणि नाक मुरडलं. जुन्या बाजारातल्यासारखं. अगदी तसंच!

२६ जानेवारी, सोमवार

सृष्टीला फोनवर सांगितलं. तिकडून नुसते हुंदके. म्हटलं, “रडू नको, तुझा आबा दुसरा बैल बघायलाय, गप बस.”

२ फेब्रुवारी, सोमवार

आता फोन माझ्या वाट्यालाच येत नाही. हे शब्द काढतात, हेडी म्हणतो, “समजलं नाही, पुन्हा सांगा.” हे पुन्हा सांगतात. दहादा. चिडतात, थुंकी उडते, पण सांगतात! आमचा दत्तराव, एवढा शहाणा मुलगा, आला की बाप तोंड उघडायच्या आतच त्याचं म्हणणं स्वतःच सांगून टाकायचा. वर डोळ्यांत पाणी आणून बघत राहायचा. खेळातला हेडी कीव करत नाही. त्याला गिऱ्हाईक पाहिजे, आजारी माणूस नको.

माझं काम चुका करायचं. मी अजून रोज एखादा भाकड सौदा ठरवते, हे ओरडून मोडतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

परभणीला नेलं. बाईनं चित्र काढलं, “म्हणा, कमळ.” हे म्हणाले, “कमळ… तुमी म्हना. मी… बैल म्हनतो.” बाई खुर्चीतून उठली! दत्तराव बाहेर जाऊन डोळे पुसून आला. मी पदरात तोंड घालून हसत होते. म्हटलं, बघा, औषध कोणाचं!

१४ फेब्रुवारी, शनिवार

नदी ओलांडली! चार दातांचा, तरणा, भरल्या खांद्याचा बैल. सौदा सगळा ह्यांनी केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि वर त्या हेडीला सुनावलं, “म्हातारा… बैल… रंगवून इकू नको.” सृष्टी म्हणते, आबांचं बोलणं खेळातच ठेवणार, म्हणजे पुढं अशा अडखळणाऱ्या म्हाताऱ्यांचं बोलणं खेळाला कळेल. मी माझी पाठ माझ्याच हातानं थोपटली. दुसरं कोण थोपटणार? माझी युक्ती कोणाला माहीत?

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज चहा देताना हे म्हणाले, “तुज्या बापाच्या… गोठ्यात… बैल बघायला आलतो. जबडा… तूच उघडून दाखवलास. तुला… दात कळत न्हाईत?”

मी आजवर समजत होते, लग्नाआधीच्या त्या दिवशी ह्यांनी नुसता बैलच बघितला, मला नाही.

म्हटलं, मग एवढे दिवस ओरडत कशाला होता? तर म्हणे, “पयल्या दिशी… खरंच राग आला. मग… तू लय खुश दिसायलतीस. म्हनलं… वरडू रोज.”