बोटसुद्धा लावलं न्हाय

बोर्ली पंचतन, १९४९

हिरामणदादा,

तू माझी पत्रं सभेत वाचून दाखवतोस, म्हणून हे धाडणार न्हाय.

तुझ्या सांगण्यावरून गावानं खोताला वाळीत टाकलं. मारायचं न्हाय, शिवी द्यायची न्हाय, फक्त त्याच्या उंबऱ्याला कुणी जायचं न्हाय.

परवा त्याची सून अडली. खोत स्वतः माझ्या दारात येऊन रडला. गावात सुईण मी एकटीच. मी कडी लावून आत बसले. दुपारी ती गेली, पोटातल्या बाळासकट.

आज खोतानं कुळांना जमिनी सोडल्याचा कागद दिला. चावडीवर गुलाल उडतोय. "कुणाला बोटसुद्धा न लावता जिंकलो!" सगळे ओरडतायत.

खरं हाय, दादा. मी तिला बोटसुद्धा लावलं न्हाय.

तुझी बहीण,
सगुणा