कोरड्या कावेरीत पाणी आलं

तंजावर, जून १९९४

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी खुशाल आहे, बँकेतलं काम जमतंय. तुमचा खोकला थांबला का?

काल घरमालकीण सरस्वतीबाईंबरोबर (त्या इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या) कावेरीकाठच्या तिरुवैयारूला गेले होते. कोरड्या कावेरीत पाणी यायचं होतं. वाळू भिजवत ते सावकाश घाटाकडे आलं. बाईंनी हात जोडले.

मी तुमच्यासारखीच देव न मानणारी. म्हटलं, "धरण उघडलं म्हणून आलं ना?"

"तें मला कळतें गे," त्या म्हणाल्या, "पण आनंद झाला, तो कोणाला सांगूं?"

पाणी पायांना लागलं आणि माझेही हात जोडले गेले. कोणाला, ते ठाऊक नाही.

रागावू नका. बाबा, तुम्हाला असं कधीच झालं नाही का?

तुमचीच,
मृदुला